मुले, बोलके यंत्र आणि घरचा नियम

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त कोयनानगर येथे पालकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी मागील वर्षांकडे कृतज्ञतेने पाहावे आणि ज्यांच्या श्रमाने आपण येथवर आलो त्यांचे स्मरण करावे, ही रीत योग्यच आहे, आणि ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. मला मात्र पुढच्या पिढीविषयी चार शब्द बोलावयास सांगण्यात आले. म्हणून मी असा विषय घेतला आहे, की जो दहा वर्षांपूर्वी आपल्या कोणाच्या स्वप्नीही नव्हता आणि आज आपल्या बहुतेकांच्या खिशात आहे.

विषय असा: ज्यास चॅटबॉट म्हणतात, ते माणसासारखे उत्तर देणारे यंत्र आपल्या मुलांच्या हाती कोणत्या वयात, किती वेळ, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली असावे? सोईसाठी मी त्यास 'बोलके यंत्र' म्हणेन. चॅटजीपीटी, जेमिनी अशी त्याची नावे तुमच्या कानांवरून गेली असतील. ज्यांना ही नावे ठाऊक नाहीत, त्यांनीही आपल्या घरी हे यंत्र नाही अशा समजुतीत राहू नये. जून २०२४ पासून ते आपल्या देशात व्हॉट्सअ‍ॅपमध्येच येऊन बसले आहे. पडद्यावरील ते रंगीत वर्तुळ म्हणजे तेच. घरी येणाऱ्या पाहुण्यास निदान कडी तरी वाजवावी लागते. याला तीही वाजवावी लागली नाही.

प्रथम हे आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. ग्रंथ, वर्तमानपत्रे, लोकांचे लेख व संभाषणे, असा अफाट मजकूर या यंत्रास पुरवून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचे गणित त्यास शिकविलेले असते. त्यानंतर माणसे त्याची उत्तरे पसंत किंवा नापसंत करतात आणि त्यावरून त्यास वळण लावले जाते. यामुळे त्याची भाषा सफाईदार असते, ते थकत नाही आणि पुष्कळदा खरी व उपयुक्त माहितीही देते. परंतु याच घडणीतून त्याचे दोन दोष निपजतात. एक, ते चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगते. कारण शब्द जुळविणे आणि सत्य जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरा, ऐकणाऱ्यास आवडेल असे बोलण्याची त्यास सवय लागते. म्हणजे ते होस हो म्हणू लागते. पहिला दोष अभ्यासात नडतो. दुसरा दोष मनात शिरतो, आणि म्हणून तो अधिक भयंकर होय.

कोणी म्हणेल, "फादर, रेडिओ आला तेव्हाही वडीलधारी मंडळी अशीच घाबरली होती, आणि दूरदर्शन आले तेव्हाही." हा आक्षेप रास्त आहे, यास्तव त्याचे उत्तर दिले पाहिजे. रेडिओ व दूरदर्शन बोलत होते, पण ऐकत नव्हते. तुमचे मूल रडत असले काय किंवा हसत असले काय, बातम्या वाचणाऱ्यास त्याचा पत्ता नव्हता. हे यंत्र ऐकते. मुलाने काल काय सांगितले त्याची नोंदही ठेवू शकते आणि आज त्याच धाग्याने पुढे बोलते. गुरुजी थकतात, आई रागावते, मित्र रुसतो. हे कधी थकत नाही, रागावत नाही, रुसत नाही. लेकराला हेच गोड वाटते, आणि धोका येथेच आहे. कारण रुसलेल्या मित्राची समजूत घालणे, चूक झाल्यावर क्षमा मागणे, दुसऱ्याचे म्हणणे आपल्याला न पटणारे असले तरी ऐकून घेणे, या गोष्टी मूल माणसांतच शिकते. ज्यास या गोष्टी शिकावयास मिळाल्या नाहीत, तो पुढे संसार कसा करील?

हा धोका कल्पनेतला नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडा संस्थानातील एक १४ वर्षांचा मुलगा अशा यंत्रातील एका काल्पनिक पात्राशी अनेक महिने बोलत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने आपले जीवन संपविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या आईने कॅरेक्टर एआय या कंपनीवर दावा लावला. एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील एक १६ वर्षांचा मुलगा त्याच मार्गाने गेला. त्याच्या आईबापांनी ऑगस्टमध्ये चॅटजीपीटीच्या कंपनीवर दावा केला. दावा म्हणजे शाबिती नव्हे. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. मी त्या दोन घरांतील एकाच गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधतो. तेथे आईबाप होते, मुलांवर त्यांची माया होती. परंतु मूल यंत्राशी काय बोलते याची त्यांना पुरती खबर नव्हती. ती खबर त्यांना मूल गेल्यानंतर लागली.

या घटनांनी राज्यकर्ते जागे झाले. इटलीने सप्टेंबर २०२५ मध्ये कायदा करून १४ वर्षांखालील मुलांना अशी यंत्रे वापरण्यास आईबापांची संमती आवश्यक ठरविली. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. सोबती म्हणून बोलणाऱ्या यंत्राने अल्पवयीन मुलास निदान दर ३ तासांनी "मी माणूस नाही, थोडी विश्रांती घे" अशा अर्थाची आठवण द्यावी, असे त्यात आहे. कॅरेक्टर एआयने नोव्हेंबर २०२५ मध्ये १८ वर्षांखालील मुलांसाठी मोकळे संभाषण बंद केले. दुसरीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने असे उघडकीस आणले की, मेटा कंपनीच्या अंतर्गत नियमांत यंत्राने मुलांशी प्रणयाच्या भाषेत बोलण्यास मुभा होती. बोभाटा झाल्यावर कंपनीने तो भाग काढून टाकला. व्हॉट्सअ‍ॅप याच कंपनीचे आहे. यावरून एवढे तरी उघड होते, की मुलांच्या शीलाची राखण व्यापाऱ्यावर सोपवून आपणास स्वस्थ झोपता येणार नाही.

आपल्या देशाचे काय? ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. १८ वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईबापांची, पडताळून पाहता येईल अशी, संमती घ्यावी; मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवू नये; त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करू नयेत, असे त्यात सांगितले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य बंधने अमलात येण्यास त्या वेळेपासून १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायदा चांगला आहे. तथापि आपल्या खोऱ्यातील घरांत त्याचे पाऊल कोठे अडते, ते पाहा. आपल्याकडे पुष्कळ मुलांपाशी स्वतःचा फोन नसतो. तो बापाचा, आईचा किंवा आजोबांचा असतो. नाव मोठ्या माणसाचे, जन्मतारीख मोठ्या माणसाची, आणि पडद्यावर बोट फिरते ते पाचवीतल्या पोराचे! कंपनी समजते, आपण चाळीस वर्षांच्या गृहस्थाशी बोलत आहोत. कायद्याचा पहारेकरी दाराशी उभा आहे. परंतु आपणच मुलास आपला कोट चढवून त्याच्यासमोरून आत पाठवितो. मग पहारेकऱ्यास बोल का लावावा?

म्हणून माझे आजचे सांगणे एकच आहे: सरकारने कायदा करावा, कंपन्यांनी तो पाळावा, शाळांनी शिस्त लावावी, हे सर्व खरे, पण मुलांसाठी खरा नियम घरातच करावा लागेल, आणि जो नियम मोठी माणसे स्वतः पाळीत नाहीत, तो मुले पाळणार नाहीत.

याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. तो शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरू लागल्या, पुढे त्या पुन्हा वर्गात भरल्या. पण मुलांच्या हातचा मोबाईल काही सुटेना. १४ ऑगस्ट २०२२ रोजी सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाची सभा भरली आणि दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाला. संध्याकाळी ७ वाजता गावच्या देवळावरील भोंगा वाजावयाचा, की घरोघर मोबाईल व दूरदर्शन बंद. ८.३० वाजता पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास व वाचन करावयाचे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावयाचे. प्रारंभी लोक हसले. तेव्हा आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शिक्षक असे सर्वजण दारोदार फिरून समजूत घालू लागले. हळूहळू भोंगा हे गावाचे भूषण झाले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल बंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही ठरावांमागील तळमळ एकच, आणि दोन्ही गावांस आपला नमस्कार असो. तथापि मला वडगावचा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो, आणि त्याची कारणे दोन आहेत. वडगावने मुलांस एकटे पकडले नाही. भोंगा बापालाही लागू आणि आजीच्या मालिकेलाही लागू. दुसरे असे, की त्यांनी तास नुसता रिकामा केला नाही, तो भरला. मुलाच्या हातून यंत्र काढून घेणे सोपे आहे. परंतु रिकाम्या हातात आपण काय ठेवणार, याचा विचार न केल्यास तो हात पुन्हा तेथेच वळतो.

आपण तर धरणाच्या सावलीत राहणारी माणसे आहोत. नियमन म्हणजे काय, हे आपणांस निराळे समजावून सांगावयास नको. शिवसागरात १०० अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठते. त्याच पाण्यावर वीज होते आणि खालची शेते भिजतात. ते कायमचे कोंडावे असे कोणी म्हणत नाही, आणि सर्व दरवाजे एकदम उघडावे असेही कोणी म्हणत नाही. पाऊस पाहून, साठा मोजून, खालच्या गावांना आगाऊ सूचना देऊन, सहा दरवाजे काही फुटांनी उचलले जातात. शिवाय ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जो भूकंप झाला, त्याने या खोऱ्याची घरेदारे पाडली. त्यानंतर धरणास काँक्रीटचे अधिक बळ देण्यात आले. पाणी वाईट म्हणून नव्हे, तर त्याचे सामर्थ्य मोठे म्हणून भिंत मजबूत करावी लागते. बोलक्या यंत्राविषयी मी याहून निराळे काही सांगत नाही.

पवित्र ख्रिस्तसभेनेही या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने 'अंतिक्वा एत नोव्हा' या नावाने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीची दुसरी जात नसून मानवी बुद्धीने केलेली एक वस्तू आहे, यंत्रास व्यक्ती म्हणून पुढे करणे सर्वथा टाळावे, आणि वाढत्या वयाच्या मुलांनी यंत्राशी बोलता बोलता माणसांशीही देवघेवीपुरतेच नाते ठेवण्याची सवय लावून घेण्याचा धोका आहे, असा त्यातील विचारांचा सारांश आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव घेण्याचे कारण सांगताना तेराव्या लिओंच्या १८९१ च्या परिपत्रकाचे स्मरण केले. त्या काळी कारखान्यांच्या यंत्रांनी कामकऱ्याचा मान धोक्यात आणला होता. आता या नव्या यंत्रांपुढे मनुष्याचा मान राखण्याची पाळी आली आहे. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्यांना संतपद देण्यात आले, ते कार्लो अ‍ॅक्युटिस तर संगणकात निष्णात असे १५ वर्षांचे पोर होते. तरी संगणकावरील खेळ आठवड्यातून एक तास, एवढाच नियम त्यांनी स्वतःस घालून घेतला होता असे सांगतात. यंत्राचा त्यांनी द्वेष केला नाही आणि दास्यही पत्करले नाही.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळतो. प्रत्येक घराने आपापल्या सोईने त्यांत फेरफार करावा. पण काही नियम असावेतच.

पहिला: १३ वर्षांखालील मुलाने बोलके यंत्र एकट्याने वापरू नये. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये वर्गातील उपयोगासाठी हीच वयोमर्यादा सुचविली, आणि चॅटजीपीटीच्या अटींतही १३ च्या आतील मुलांस मनाई असून १८ पर्यंत आईबापांची परवानगी सांगितली आहे.

दुसरा: १३ ते १८ वर्षांच्या मुलांनी ते उजेडी, सर्वांच्या देखत, बाहेरच्या खोलीत वापरावे, रात्री अंथरुणात कदापि नाही. रात्री ९ नंतर घरातील सर्व फोन, आईबापांचेसुद्धा, एका फळीवर ठेवावेत.

तिसरा: अभ्यासात आधी स्वतःची वही, मग यंत्र. उदाहरण स्वतः सोडवून पाहावे, निबंध आपल्या शब्दांत लिहावा. अडल्यास विचारावे, आणि मिळालेले उत्तर पाठ्यपुस्तकाशी किंवा गुरुजींशी ताडून पाहावे. दुसऱ्याने चघळून दिलेला घास पोटात जाईल, पण दात बळकट होणार नाहीत.

चौथा: आपले नाव, शाळा, पत्ता, छायाचित्रे व घरातील गोष्टी यंत्रास सांगू नयेत.

पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: मनाचे दुःख माणसालाच सांगावे. आई, बाप, आजी, मावशी, शिक्षक, धर्मगुरू, यांपैकी कोणीतरी एक जण प्रत्येक मुलाने निवडून ठेवावा. घरचे माणूस नकोसे वाटले, तर मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या व्यथेसाठी टेली मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. तेथे जिवंत मनुष्य ऐकतो.

पण आईबापहो, या पाचव्या नियमाचा अर्धा भार तुमच्यावर आहे. मूल यंत्राकडे का जाते, याचा कधी विचार केला आहे काय? नापास झालो असे घरी सांगितले तर मार बसतो. शरीराविषयी काही विचारले तर "गप्प बस" असे ऐकावे लागते. मित्राने फसविले असे सांगितले तर "तुझेच चुकले असेल" असे उत्तर येते. यंत्र मात्र शांतपणे ऐकून घेते. तेव्हा पोर कोठे जाईल? म्हणून आजपासून एवढा संकल्प करा, की मुलाने काहीही सांगितले, तरी पहिली पाच मिनिटे रागवायचे नाही. त्याचा फोन चोरून वाचू नका. त्यास जवळ बसवून, "आज यंत्राला काय विचारलेस, मलाही दाखव" असे म्हणा. चोरून पाहिल्याने मूल अधिक लपवू लागते. मायेने विचारल्यास ते आपण होऊन दाखविते.

आपल्या पाटण तालुक्यातील पुष्कळ बाप पोटापाण्यासाठी मुंबईस असतात आणि मुले आजीआजोबांपाशी वाढतात. आजीस फोनमधील खाचाखोचा कळत नाहीत. अशा बापांनी रोज एका ठरावीक वेळी घरी फोन करावा आणि मुलाशी दहा मिनिटे बोलावे: आज शाळेत काय झाले, कोणाशी खेळलास, कशाची भीती वाटली? मुंबईहून येणारा बापाचा थकलेला आवाजही मुलाच्या मनास जो आधार देतो, तो कोणतेही यंत्र देऊ शकणार नाही.

शेवटी एका शंकेचे निरसन करतो. "शहरातली मुले या यंत्राने पुढे जातील आणि आमची मागे राहतील," असे काही पालक म्हणतात. ही चिंता खरी आहे. आपल्या डोंगरवाड्यांत खासगी शिकवणी नाही, इंग्रजी समजावून देणारा शेजारी नाही. तेथे एखाद्या नववीच्या मुलीस रात्री बीजगणित अडले, तर हे यंत्र तिला खचित उपयोगी पडेल. म्हणूनच मी बंदी सांगत नाही. मात्र पुढे जाण्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्यास स्वतः विचार करता येतो, चुकीचे उत्तर ओळखता येते आणि माणसांत मिसळून काम करता येते, तोच उद्या या यंत्राचा धनी होईल. ज्याने लहानपणीच विचार करणे यंत्रावर सोपविले, तो त्याचा चाकर होईल, मग तो शहरातला असो की खेड्यातला.

पवित्र शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आपण ऐकली आहे. तो दिसेना, तेव्हा मरिया व योसेफ माघारी फिरले आणि तीन दिवस त्यास शोधीत राहिले. तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता. प्रश्न विचारणे हा मुलांचा धर्मच आहे. तो कोणी हिरावून घेऊ नये. पण त्या बाळाला प्रश्न विचारण्यास जिवंत गुरुजन होते, आणि तो दिसेनासा होताच वाट सोडून शोधावयास निघणारे आईबाप होते. आपल्या मुलांना या दोन्ही गोष्टी मिळोत.

आपल्या धर्मग्रामाने या महोत्सवाची आठवण म्हणून एक गोष्ट करावी, अशी माझी विनंती आहे. वडगावचा भोंगा देवळावर वाजतो. आपल्या मंदिराची घंटा संध्याकाळी वाजेल, तेव्हा घरोघर फोन फळीवर जावा, पवित्र जपमाळेची प्रार्थना व्हावी, आणि त्यानंतरचा एक तास मुलांचा असावा. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही, केवळ निश्चय लागतो. परमेश्वर तो निश्चय आपणां सर्वांस देवो आणि आपल्या लेकरांचे रक्षण करो.